विकणाऱ्याचे मौन: घराच्या खरेदीविक्रीतील स्वत्वविचार

घर विकत घेणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला पडणारे कायदेशीर प्रश्न बहुधा ठरलेले असतात: सातबारावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली का, साठेखत नोंदवून पैसे दिले की घर आपले झाले का, मृत सभासदाने ज्याचे नामनिर्देशन केले त्याला सदनिका विकता येते का, लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या सह्या लागतात का, आणि भिंतीतली ओल किंवा न्यायालयात पडून असलेला दावा विकणाऱ्याने आपण होऊन सांगायलाच हवा का. वकिलाकडे हे प्रश्न सुटे सुटे येतात आणि एकेका कलमाच्या आधाराने त्यांची उत्तरेही सुटीच मिळतात. त्यामुळे त्यांच्या तळाशी एकच जुना वाद आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. तो वाद स्वत्वाचा आहे. वस्तू अमक्याची आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्या 'असण्या'ला स्वत्व म्हणतात. ते कशातून उत्पन्न होते, कशाने नष्ट होते आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा नेमके काय जाते, यावर मीमांसक, धर्मशास्त्रकार आणि नैयायिक यांनी शतकानुशतके डोकेफोड केली आहे. त्या वादाच्या उजेडात आजची कलमे वाचली, तर विकणाऱ्याने बाळगलेले मौन हा केवळ सौजन्याचा विषय राहत नाही, तो विकल्या जाणाऱ्या वस्तूचाच भाग होतो, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

या विचाराची एक मुळी यज्ञकर्मात आहे. विश्वजित नावाच्या यागात यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यावे असे विधान असल्यामुळे, सर्वस्वात काय काय मोडते, हे ठरवणे मीमांसकांना भाग पडले. आईवडिलांनाही 'माझे' म्हटले जाते, मग तेही द्यायचे का? जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात याचे उत्तर नकारार्थी आहे, कारण नाते असणे निराळे आणि त्या नात्याच्या बळावर देऊन टाकण्याचा अधिकार असणे निराळे. पुढचा प्रश्न प्रस्तुत विषयाला थेट भिडतो: सार्वभौम राजाने हा याग केला, तर त्याने पृथ्वी द्यावी का? सूत्रकाराच्या मते भूमी देता येत नाही, कारण ती सर्वांना सारखीच आहे. आणि भाष्यकार शबर याचा विस्तार करताना सांगतो की राजा रक्षण करतो म्हणून पिकाचा वाटा घेतो, तेवढ्याने तो भूमीचा स्वामी ठरत नाही. सतराव्या शतकात नीलकंठभट्टाने 'व्यवहारमयूखा'त हाच धागा पुढे नेला. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या या ग्रंथकाराच्या मते, राजाने सारी पृथ्वी जिंकली तरी गावे, शेते आणि घरे यांवरचे स्वत्व ज्याचे त्याचेच राहते आणि जेत्याला मिळतो तो केवळ कर घेण्याचा हक्क. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथील हिंदूंच्या मालमत्तेचे निवाडे करताना मुंबईच्या उच्च न्यायालयाने ज्याला प्रमाण मानले, तो हाच ग्रंथ होय.

भूमी सर्वांची आणि घर मात्र एकाचे, ही ओढाताण शहरातल्या सदनिकेत आजही उघड दिसते. सदनिका घेणारा चार भिंतींमधल्या जागेचे पैसे देतो, पण इमारतीखालची जमीन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या नावे होईपर्यंत विकासकाच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावावर राहते. ती संस्थेच्या नावे करून देण्याला अभिहस्तांतरण म्हणतात. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियमाने ते विकासकावर बंधनकारक केले, तरी असंख्य इमारतींच्या बाबतीत ते वर्षानुवर्षे झाले नाही. म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे विकासक सही करत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाने जमीन संस्थेकडे आणण्याची, तरतूद करावी लागली. तीस वर्षे राहत्या असलेल्या कुटुंबाला पुनर्विकासाच्या वेळी प्रथमच कळते की आपल्या पायाखालची जमीन कागदोपत्री भलत्याचीच आहे. अशा वेळी स्वत्व म्हणजे काय हा प्रश्न पंडिती राहत नाही.

धर्मशास्त्रातला खरा झगडा मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळातला ग्रंथकार. 'याज्ञवल्क्यस्मृती'वरील आपल्या 'मिताक्षरा' टीकेत दायविभागाच्या, म्हणजे वारसा आणि वाटणीच्या, आरंभीच तो विचारतो की स्वत्व हे शास्त्रावरून कळणारे आहे की लोकव्यवहारावरून. धारेश्वरादी पूर्वसूरींचे म्हणणे असे की ते शास्त्रगम्य आहे: शास्त्राने वारसा, खरेदी, वाटणी, स्वीकार इत्यादी जे मार्ग सांगितले त्यांनी मिळाले तरच ते स्वत्व, एरवी नाही. विज्ञानेश्वर हे नाकारतो आणि स्वत्वाला लौकिक ठरवतो. यज्ञात आहुती देण्याचा आहवनीय अग्नी शास्त्रावाचून कळत नाही, आणि आहवनीय म्हणून त्याचा लौकिक उपयोगही नसतो. त्यावर भात शिजला तरी तो साधा अग्नी म्हणून शिजतो. स्वत्वाचे तसे नाही, कारण खरेदीविक्रीसारखे रोकडे व्यवहार त्याच्यावरच चालतात. शिवाय ज्यांनी शास्त्राचे नावही ऐकलेले नाही असे सीमेवरचे लोकसुद्धा विकतात, विकत घेतात आणि माझे-तुझे ओळखतात. पुढे नव्यन्यायात रघुनाथ शिरोमणीने स्वत्व हा स्वतंत्र पदार्थच मानला, म्हणजे द्रव्य, गुण, कर्म यांपैकी कशातही न बसणारा अस्तित्वाचा वेगळा प्रकार. वाटेल तसा उपयोग करण्याची योग्यता एवढीच त्याची व्याख्या त्याला अपुरी वाटली. नैयायिकांना त्यातून भरपूर चर्चा मिळाली, व्यवहाराला फारसे काही मिळाले नाही.

विज्ञानेश्वराच्या भूमिकेचा एक परिणाम मात्र आजच्या वाचकाला टोचणारा आहे. स्वत्व लौकिक असेल, तर निषिद्ध मार्गाने मिळवलेले धनही मिळवणाऱ्याचेच होते. पाप त्याला लागते, पण त्याच्या मुलांना ते रीतसर वारसा म्हणून वाटून घेता येते. घराची किंमत अर्धी धनादेशाने आणि अर्धी रोखीने चुकती करण्याची जी सवय शहरांत रुळली, तिचे नैतिक गणित याहून निराळे नाही. आयकर कायद्याने २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख रक्कम घेण्यास मनाई केली, दंडही ठेवला, पण रोखीने व्यवहार झाला एवढ्या कारणाने घराची मालकी परत फिरते असे काही त्याने म्हटले नाही. नियम मोडणे एक आणि स्वत्व न उपजणे दुसरे, हा भेद कायद्याने विज्ञानेश्वराप्रमाणेच राखला आहे.

आता कागदाचा प्रश्न. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५४ व्या कलमाने विक्रीची व्याख्या केली ती अशी की, दिलेल्या किंवा देऊ केलेल्या किमतीच्या बदल्यात मालकीचे हस्तांतरण. आणि शंभर रुपये किंवा त्याहून अधिक मोलाच्या स्थावराचे असे हस्तांतरण केवळ नोंदणीकृत दस्ताने होते. (शंभराचा तो आकडा आजतागायत बदललेला नाही, त्यामुळे व्यवहारात प्रत्येकच घर त्यात येते.) याच कलमात साठेखताचे, म्हणजे पुढे विकण्याच्या कराराचे, स्वरूपही स्पष्ट आहे: त्याने मालमत्तेत कोणताही हितसंबंध किंवा बोजा आपोआप निर्माण होत नाही. विसार दिला, हप्ते फेडले, किल्ली हाती आली, तरी खरेदीखत होईपर्यंत घेणाऱ्याकडे असतो तो करार पुरा करून मागण्याचा हक्क, मालकी नव्हे. कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या जोडीवर घरे फिरवण्याची जी पद्धत दिल्लीकडे बोकाळली होती, तिने मालकी जात नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले.

पण नोंदणीकृत दस्त झाला म्हणून मालकी सिद्ध झाली असेही नाही, आणि सामान्य खरेदीदाराची सर्वांत मोठी फसगत येथेच होते. दुय्यम निबंधक मुद्रांक शुल्क भरले आहे का, सह्या करणारे हजर आहेत का, ओळख पटली का हे पाहतो. विकणारा खरोखर मालक आहे का, हे तपासणे त्याचे काम नाही. २०२५ मध्ये तामिळनाडूतील एका नियमासंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा अधोरेखित केले. सातबारा उतारा किंवा शहरातली मिळकत पत्रिका यांतल्या नोंदी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार खऱ्या मानल्या जातात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराची नोंद सारा कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्यासाठी असते, तिने मालकी मिळत नाही वा जात नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ पासून रॉबर्ट टॉरेन्सच्या नावाने ओळखली जाणारी जी पद्धत सुरू झाली, तिच्यात सरकारी नोंदवहीतले नाव हीच मालकी असते आणि तिची हमी राज्य घेते. भारतात नोंद होते ती दस्ताची. मालकी ही येथे नेहमी अनुमानाची, मागच्या दस्तांच्या साखळीवरून काढलेली, आणि अधिक चांगला हक्क घेऊन कोणी उभा राहीपर्यंत टिकणारी असते. वकील तीस वर्षांचा शोध घेऊन अहवाल देतो तो या साखळीत तुटलेली कडी दिसली नाही एवढेच सांगणारा. कडी तुटलेली नाहीच, अशी ग्वाही तो देऊ शकत नाही.

नामनिर्देशनाचा प्रश्नही याच जातीचा आहे. गृहनिर्माण संस्थेच्या अर्जावर मुलाचे नाव लिहिले म्हणून सदनिका मुलाची झाली, अशी घरोघरी समजूत असते. वास्तविक नामनिर्देशित व्यक्ती ही संस्थेने कोणाशी व्यवहार करावा एवढे सांगणारी खूण आहे. मालकी वारसांकडे जाते, आणि २०१९ च्या सुधारणेनंतर सहकार कायदाही अशा व्यक्तीला वारस ठरेपर्यंतचे तात्पुरते सभासदत्वच देऊ करतो. लौकिक स्वत्व याचा अर्थ चारचौघांत ज्याचे नाव घेतले जाते तो स्वामी, असा करता येत नाही, हे यावरून दिसते.

मग चारचौघांचे स्थान काय? प्राचीन आचारात ते फार मोठे होते. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त वास्तुविक्रयाचे, म्हणजे घर, शेत, बाग, तळे इत्यादींच्या विक्रीचे, वेगळे प्रकरण आहे, आणि त्यात विक्री कोणत्या क्रमाने व्हावी हे सांगितले आहे: आधी भाऊबंद, मग शेजारी, मग सावकार, आणि त्यांनी नाकारल्यावरच बाहेरचे. शेजारच्या चाळीस कुळांसमक्ष, घरापुढे उभे राहून, चतुःसीमा सांगून आणि या किमतीला कोण घेतो असे तीनदा पुकारून विक्री करायची, कोणी हरकत घेतली नाही तर खरेदीदाराला ती वस्तू मिळायची, आणि चढाओढीने किंमत वाढली तर वाढलेली रक्कम करासह राजाच्या कोषात जायची. (चढ्या भावाचा मोह कमी करण्याचा याहून कठोर उपाय नंतरच्या कोणा सरकारला सुचलेला दिसत नाही.) भागीदाराला व शेजाऱ्याला आधी घेऊ देण्याचा शुफा नावाचा हक्क इस्लामी कायद्यातही आहे, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २२ व्या कलमाने सहवारसांना दिलेला अग्रहक्क त्याच वळणाचा आहे.

'मिताक्षरे'त एक जुने वचन येते, त्यानुसार भूमी सहा गोष्टींनी दुसऱ्याकडे जाते: गाव, भाऊबंद, शेजारी आणि वारस यांची संमती, आणि सुवर्ण व उदक यांचे दान. विज्ञानेश्वराने या सहांचा जो उलगडा केला आहे, तो न्यायबुद्धीचा उत्तम नमुना आहे. गावाची संमती लागते ती व्यवहार सर्वांना माहीत व्हावा म्हणून. शेजाऱ्यांची, म्हणजे पुढे सीमेचा तंटा होऊ नये. विभक्त भाऊबंदांची, म्हणजे वाटणी झाली होती की नव्हती हा संशय राहू नये आणि व्यवहार सुकर व्हावा. यांपैकी एखादी संमती नसली म्हणून विक्री बुडत नाही. आणि सुवर्ण व उदक कशासाठी? तर स्थावराची विक्री मुळात निषिद्ध आणि दान मात्र प्रशस्त, म्हणून विकायचेच असेल तर हातावर पाणी सोडून, दानाच्या रूपात विकावे. यात पळवाट आहे हे उघड आहे. पण जी वस्तू सर्वांना सारखी आहे ती एकाने एकाला मोल घेऊन द्यावी, याचा संकोच त्या पाण्यातून अजून पाझरतो. आजच्या मराठी खरेदीखतात पाणी नाही, तरी लिहून देणारा लिहून घेणाऱ्याला पूर्वेस काय, पश्चिमेस काय अशा चतुःसीमा सांगतो, मिळकत निर्वेध आणि निजोखमी असल्याचे लिहितो, आणि कोणाची हरकत आल्यास तिचे निवारण पदरखर्चाने करून लिहून घेणाऱ्यास तोशीस लागू देणार नाही, असा भरवसा देतो. त्या सहा संमतींचे काम आता ही दोन-तीन वाक्ये करतात.

चाळीस कुळांची जागा वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीने घेतली आहे. तमाम लोकांस कळवण्यात येते की अमक्या मिळकतीवर कोणाचा गहाण, दान, वारसा, पोटगी किंवा अन्य हक्क असल्यास त्याने चौदा दिवसांत पुराव्यासह कळवावे, न कळवल्यास हक्क सोडून दिला असे समजले जाईल, अशी ती भाषा. शेवटचे वाक्य कायद्याच्या दृष्टीने पोकळ आहे. ज्याचा हक्क आहे त्याने ती नोटीस वाचली नाही, तर त्याचा हक्क जात नाही. उपयोग एवढाच की खरेदीदाराने सावधगिरी घेतली होती हे पुढे दाखवता येते. इतरांच्या मौनाने व्यवहार सुकर होतो, स्वत्व नष्ट होत नाही, ही विज्ञानेश्वराची भूमिकाच येथे कायम राहिली आहे. मात्र काही संमती सोयीच्या नसून हक्काच्या असतात, आणि तेथे मौन चालत नाही. एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित घरात जन्मतःच हिस्सा असलेल्यांची संमती त्यांपैकी होय; २००५ च्या सुधारणेने हा जन्मसिद्ध हिस्सा मुलींनाही मिळाला, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सुधारणा लागू झाली त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, तो हिस्सा आहे असे ठरवले. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते, म्हणून घर कोणा एकाच्या नावावर असले तरी दुसऱ्याच्या संमतीवाचून विकता येत नाही. महाराष्ट्रात बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात, तेव्हा कायद्याने मागितलेली संमती कागदावर पुरी होते. पण माहेर तुटू नये म्हणून दिलेली सही ही संमती आहे की केवळ मौन, हा प्रश्न त्या कागदाला विचारता येत नाही.

मालकाच्या स्वतःच्या मौनाविषयी परंपरा आणि आधुनिक कायदा यांची तोंडे दोन दिशांना आहेत. डोळ्यांदेखत दुसरा भूमी भोगत असता जो वीस वर्षे बोलत नाही त्याची हानी होते, असे याज्ञवल्क्याचे वचन आहे. त्याचा सरळ अर्थ भूमी जाते असाच होतो. विज्ञानेश्वर मात्र तो नाकारतो, आणि मालकाचे जाते ते उत्पन्न, भूमी नव्हे, असा ओढून आणलेला पण सुसंगत अर्थ लावतो, कारण केवळ गप्प बसल्याने स्वत्व जाते हे त्याच्या एकूण विचारात बसतच नाही. १९६३ च्या मुदत अधिनियमाने उलट मार्ग धरला: बारा वर्षे दुसऱ्याचा प्रतिकूल ताबा, म्हणजे मालकाचा हक्क नाकारून उघडपणे ठेवलेला ताबा, राहिला आणि मालकाने दावा केला नाही, तर त्याचा दावाच नव्हे, हक्कही संपतो. येथे विज्ञानेश्वर हरला, असे म्हणावे लागते, आणि वंशपरंपरेच्या जमिनी कोकणात सोडून मुंबईला गेलेल्या कित्येक कुटुंबांना या पराभवाची किंमत ठाऊक आहे.

आता विकणाऱ्याच्या मौनाकडे वळता येते. सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात एका घराच्या विक्रीची चर्चा आहे: घर रोगट आहे, प्रत्येक शयनगृहात सरपटणारे जीव निघतात, लाकूड कुजून छप्पर कोसळायला आले आहे, आणि हे मालकाशिवाय कोणालाही माहीत नाही. त्याने ते न सांगता, अपेक्षेहून अधिक किमतीला विकले तर? बॅबिलॉनचा डायोजिनीस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर हे दोघेही स्टोइक पंथाचे, पण त्यांची मते विरुद्ध. अँटिपेटरच्या मते हे वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षाही वाईट, कारण येथे दुसऱ्याला जाणूनबुजून चुकीच्या वाटेला लावले जाते. डायोजिनीस म्हणतो, घ्या म्हणून कोणी गळ घातली नव्हती, घेणाऱ्याला डोळे होते, आणि विकाऊ घराचे दोष दवंडी पिटून सांगायला लावणे हास्यास्पद आहे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूला झुकतो, आणि लपवणे याची व्याख्या करतो ती अशी की, जे तुम्हाला ठाऊक आहे ते, ज्यांच्या हिताचे ते ठाऊक असणे आहे त्यांना, स्वतःच्या लाभासाठी कळू न देणे.

त्याच ग्रंथातला एक खटला येथे विशेष उपयोगी आहे. रोममधल्या सीलियन टेकडीवर क्लॉडियस सेंटुमॅलस याची इमारत होती. गडावरून शकुन पाहणाऱ्या पुरोहितांना तिची उंची आड येत होती, म्हणून त्यांनी तेवढा भाग पाडण्याचा हुकूम दिला. हुकूम मिळाल्यावर क्लॉडियसने इमारत विक्रीला काढली आणि कॅल्पर्निअस लॅनॅरिअसने ती घेतली. पुरोहितांनी तोच हुकूम त्यालाही दिला, त्याने भाग पाडला, आणि नंतर त्याला कळले की विकणाऱ्याला हे आधीच ठाऊक होते. धाकट्या केटोचे वडील मार्कस केटो यांनी निवाडा दिला की विकताना माहीत असून सांगितले नाही, म्हणून झालेले नुकसान क्लॉडियसने भरून द्यावे. या इमारतीत भौतिक दोष काहीही नव्हता. दोष होता तो हुकमाचा, म्हणजे इतरांच्या त्या वास्तूवरच्या अधिकाराचा. महापालिकेची अनधिकृत बांधकामाची नोटीस कपाटात ठेवून सदनिका विकणारा आणि क्लॉडियस यांच्यात अंतर आहे ते शतकांचे, प्रकाराचे नाही.

भारतीय परंपरेतही हा विचार आहे, मात्र त्याचा कल दंडाकडे आहे. सदोष वस्तू निर्दोष म्हणून विकणाऱ्याला किमतीच्या दुप्पट दंड याज्ञवल्क्याने सांगितला आहे. अस्वामिविक्रयाच्या, म्हणजे मालक नसलेल्याने केलेल्या विक्रीच्या, बाबतीत तर तो खरेदीदाराचीही झडती घेतो: जो एकांतात, अवेळी, ऐपत नसलेल्या माणसाकडून, फार कमी किमतीला घेतो, तो चोरच समजावा. आजच्या कायद्यात सद्भाव आणि वाजवी काळजी यांची जी कसोटी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ४१ व्या कलमात आहे, ती याहून फार वेगळी नाही. युरोपात मध्ययुगात थॉमस अक्विनासने मोडकळीला आलेले घर धडधाकट म्हणून विकण्याचे उदाहरण घेऊन, धोका किंवा नुकसान करणारा छुपा दोष सांगितलाच पाहिजे, असे ठरवले. इंग्लंडचा कायदा मात्र घराच्या बांधकामातल्या दोषांपुरता डायोजिनीसच्या घरी गेला: घेणाऱ्याने आपले आपण बघून घ्यावे.

इंग्रजांनीच केलेला १८८२ चा भारतीय कायदा या बाबतीत इंग्लंडच्या पुढे आहे, ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही. ५५ व्या कलमानुसार, उलट करार नसेल तर, मिळकतीतला किंवा मालकीतला असा कोणताही महत्त्वाचा दोष, जो विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजीने त्याला कळूही शकणार नाही, तो सांगणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि न सांगणे हे कपट मानले जाते. १८७२ च्या करार कायद्यात नुसते मौन हे कपट नव्हे, बोलण्याचे कर्तव्य असेल तरच ते कपट होते; स्थावराच्या विक्रीत ते कर्तव्य कायद्यानेच घातले. बँकेच्या लिलावात 'जसे आहे, जेथे आहे' हे शब्द घालून हे कर्तव्य आकुंचित करण्याचा प्रयत्न होतो, आणि तेथे खरेदीदाराने डोळ्यांत तेल घालून पाहणे आवश्यक असते. विकासकाबाबत २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने त्याहून कडक पाऊल टाकले: जमिनीच्या मालकीतल्या दोषामुळे ग्राहकाचे नुकसान झाले तर भरपाईच्या मागणीला मुदतीची आडकाठी नाही, आणि विकासकाला तो दोष ठाऊक होता की नव्हता याची चौकशी करण्याचे कारण नाही.

हे कर्तव्य का असावे, याचे नेहमीचे उत्तर प्रामाणिकपणा हे आहे, पण ते अपुरे आहे. डायोजिनीसच्या युक्तिवादात बळ आहे ते तोपर्यंतच, जोपर्यंत घर ही भाजीसारखी समोर ठेवलेली वस्तू मानली जाते. येथवरच्या विवेचनातून दिसते की घराच्या विक्रीत जाते ती वस्तू थोडी आणि इतरांविरुद्ध टिकणारा हक्क अधिक. तो हक्क ना नोंदवही पुरता दाखवते, ना उतारा, ना जाहीर नोटीस. त्याच्या बळकटीचे आणि कमकुवतपणाचे ज्ञान मुख्यतः एकाच ठिकाणी असते, विकणाऱ्याच्या डोक्यात. भाऊ वाटणीवर नाराज होता, चुलतीने कधी सही केली नाही, सावकाराला तोंडी शब्द दिला होता, हे साखळीतले दुवे कागदावर उतरत नाहीत. म्हणून ते ज्ञान मागे ठेवून घर देणे म्हणजे घर पूर्ण देऊन थोडे कमी बोलणे नव्हे. हक्काचा एक तुकडा पैसे घेऊनही स्वतःकडे ठेवणे आहे. या अर्थी ५५ व्या कलमातले प्रकटीकरण हा मालकी हस्तांतरणाचाच एक भाग आहे, आणि कपट हा शब्द तेथे अतिशयोक्तीचा नाही.

हे म्हणणे मान्य केले तर त्याच्या मर्यादाही आपोआप ठरतात. जे घेणाऱ्याला आधीच ठाऊक आहे ते न सांगितल्याने काहीही मागे राहत नाही. सिसेरोने यासाठी मारिअस ग्रॅटिडिअॅनस याचा खटला दिला आहे: त्याने एक घर सर्जिअस ओराटाला विकले, त्या घरावर दुसऱ्याचा वहिवाटीसारखा हक्क होता आणि दस्तात तो लिहिला नव्हता, पण काही वर्षांपूर्वी तेच घर ओराटानेच त्याला विकले होते. तेव्हा लपवले कोणापासून, असा वकील अँटोनिअसचा सवाल होता. उलट दिशेनेही हेच लागू होते, आणि ५५ व्या कलमाचा एक फारसा न वाचला जाणारा भाग ते सांगतो: विकणाऱ्याच्या हक्काचे स्वरूप किंवा व्याप्ती यांविषयीची अशी गोष्ट, जी घेणाऱ्याला माहीत आहे, विकणाऱ्याला नसावी असे त्याला वाटते आणि जिच्यामुळे मिळकतीचे मोल बरेच वाढते, ती घेणाऱ्यानेही सांगितली पाहिजे. गावाकडच्या म्हाताऱ्या वारसाला स्वतःचा हिस्सा चौथा वाटतो आणि वकिलाकडून आलेल्या खरेदीदाराला तो अर्धा असल्याचे कळलेले असते. अशा वेळी गप्प बसून चौथ्या हिश्श्याच्या किमतीत अर्धे घर पदरात पाडून घेणे हेही कपटच आहे. दलालांच्या जगात यालाच चांगला सौदा म्हणतात.

सर्वांत अवघड असतात ते दोष जे ना भिंतीत असतात ना कागदात. या घरात कोणी आत्महत्या केली होती, दार दक्षिणेला आहे, आधीच्या तीन भाडेकऱ्यांचे वाईट झाले, असे बोलले जाते. पुरोहितांच्या हुकमाने क्लॉडियसची इमारत खरोखर पाडावी लागली, तेव्हा तेथे धार्मिक कारणाला कायद्याचे बळ होते. वास्तुशास्त्राच्या समजुतीला ते नाही, आणि तिच्यामुळे इतर कोणाचा त्या घरावर हक्क उपजत नाही. म्हणून असे काही आपण होऊन सांगण्याचे कर्तव्य विकणाऱ्यावर लादता येत नाही, जरी सांगितले नाही म्हणून किंमत अधिक मिळाली असली तरी. मात्र त्याच कलमानुसार, मिळकतीविषयी किंवा तिच्या मालकीविषयी घेणाऱ्याने विचारलेल्या सर्व संबंधित प्रश्नांना आपल्याला असलेल्या माहितीप्रमाणे उत्तर देणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. घेणाऱ्याने त्या मृत्यूविषयी स्पष्ट विचारले, तर ती भीती विकणाऱ्याला कितीही खुळी वाटत असली, तरी तिचे मोल ठरवणे हे त्याचे काम राहत नाही. त्याने खरे उत्तर द्यायचे, आणि घेणाऱ्याने त्यावर घ्यायचे की नाही ते ठरवायचे.